'जेवणानंतर' म्हणजे नक्की कधी? ऑटिस्टिक प्रौढ आणि मेडिकलचं काउंटर

संध्याकाळी साडेसातला ठाण्यात गोखले रोडवरच्या एखाद्या मेडिकलसमोर उभं राहून पाहा. स्टेशनकडून येणारी गर्दी, रिक्षांचे हॉर्न, काउंटरवर एकाच वेळी पुढे आलेले चार हात, पैसे जमा झाल्याची दवंडी पिटणारा साउंडबॉक्स. त्यात फार्मासिस्ट स्ट्रिपवर पेनाने १-०-१ लिहितो, "जेवणानंतर बरं का" म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. सगळं मिळून वीस सेकंद.

बहुतेकांचं यावर भागतं, कारण जे सांगितलं नाही ते आपण मनानेच भरून घेतो. ऑटिस्टिक माणूस बऱ्याचदा तसं भरून घेत नाही. तो सांगितलेलंच ऐकतो आणि तेच काटेकोर पाळतो. आता पाहा, सकाळी नुसता चहा घेऊन ऑफिसला निघणाऱ्या माणसाला 'जेवणानंतर' सांगितलं. सकाळी जेवण नाही, म्हणजे सकाळची गोळी नाही. रात्रीची मात्र न चुकता. महिनाभर निम्माच डोस पोटात गेला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नीट घेताय ना?" उत्तर आलं, "हो." त्याच्या दृष्टीने ते शंभर टक्के खरं आहे, त्याने सूचना तंतोतंत पाळली आहे. औषध लागू पडत नाही असं समजून डोस वाढतो. पुढे कधीतरी आई सकाळी पोळी-भाजी खाऊनच पाठवायला लागते आणि वाढलेला डोस अचानक पूर्ण जायला लागतो. मग पेंग, तोल जाणं, हात थरथरणं. यात कुणीच निष्काळजीपणा केलेला नाही. चूक त्या एका शब्दात होती.

मेडिकलमधल्या माणसांना प्रशिक्षण द्यायचं म्हटलं की ऑटिझमवर दोन तासांचं व्याख्यान ठेवायचं, असं अनेकांना वाटतं. त्याने सहानुभूती वाढते, चुका कमी होतात असं नाही. काउंटरवर रोज बोलली जाणारी वाक्यं, ब्रँड बदलण्याची सवय आणि "काही त्रास नाही ना?" हा प्रश्न, हे बदललं तर फरक पडतो. म्हणून हा लेख त्याबद्दल आहे.

तरी ऑटिझमबद्दल जरुरीपुरतं आधी सांगायला हवं. मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द रुळला असला तरी दिशाभूल करणारा आहे, कारण त्यातून स्वतःतच गुंग, कुणाशी देणंघेणं नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असते. बोलण्यातले आडवळणाचे अर्थ, गृहीत धरलेल्या गोष्टी पकडणं अवघड जातं, ठरलेला क्रम बदलला की त्रास होतो आणि आवाज, प्रकाश, चव, स्पर्श हे फार तीव्र किंवा फार मंद जाणवतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या 'डीएसएम-५' नियमावलीत हा संवेदनांचा फरक निदानाच्या निकषांमध्येच घेतला आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात नोंदलेल्या २१ अक्षमतांमध्ये ऑटिझम आहे. पण आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांचं लहानपणी निदानच झालेलं नाही, त्यांच्याकडे कागद नाही. त्यामुळे मेडिकलवाल्याने "तुम्ही ऑटिस्टिक आहात का?" असं विचारण्याची गरज नाही आणि विचारूही नये. सूचना नेमकी हवी आहे हे गिऱ्हाइकाच्या प्रश्नांवरून कळतं, आणि नेमकी सूचना कुणालाच अपाय करत नाही. मोतीबिंदू झालेल्या आजोबांनाही ती उपयोगीच पडते.

ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. औषधं असतात ती सोबत येणाऱ्या तक्रारींची. चिंता, नैराश्य, झोप न लागणं, फिट्स, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), बद्धकोष्ठता, आणि तीव्र चिडचिड किंवा स्वतःला इजा करून घेणं. म्हणजे एकाच माणसाच्या पिशवीत तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल, नैराश्य-चिंतेसाठी 'एसएसआरआय' गटातलं एखादं, फिट्ससाठी सोडियम व्हॅल्प्रोएट आणि रात्री झोपेसाठी क्लोनॅझेपाम, अशी तीन-चार औषधं सहज दिसतात. लिहून देणारे डॉक्टरही कधीकधी दोन-तीन वेगवेगळे. हे सगळे कागद एकत्र येण्याची शक्यता असलेली जागा एकच, नेहमीचं मेडिकल.

वाक्यांची तालीम

प्रशिक्षणातला सर्वांत मोठा वेळ इथे द्यावा. आपल्या रोजच्या बोलण्यातली भोकं आपल्याला दिसत नाहीत, ती एकेक करून दाखवावी लागतात.

'सकाळ-संध्याकाळ एक' घ्या. अकराला उठणाऱ्याची सकाळ अकराला आणि संध्याकाळ पाचला. मध्ये सहा तास, आणि पुढच्या गोळीला अठरा. बारा-बारा तासांनी द्यायच्या फिट्सच्या औषधाला हे चालत नाही. 'झोपताना' घ्या. ज्याला पहाटे तीनलाच झोप येते त्याचं 'झोपताना' तीनला आहे. म्हणून औषधाचा अंमल सकाळी दहा-अकरापर्यंत राहतो आणि नोकरीवर लेटमार्क लागतो. 'एक चमचा' म्हणजे कुठला? पाच मिलीचा की घरातला पोह्यांचा? 'गरज वाटली तर' ही सूचना तर सर्वांत अवघड, कारण अनेक ऑटिस्टिक माणसांना शरीराच्या आतले इशारे, भूक, दुखणं, छातीतली धडधड, उशिरा किंवा गोंधळलेले कळतात. गरज वाटायलाच वेळ लागतो. तिथे आकडा द्यावा लागतो. तापाच्या गोळीसाठी असा: 'थर्मामीटरवर १०० किंवा त्याहून जास्त दिसलं तर एक गोळी. पुन्हा लागली तर किमान सहा तासांनी. २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. तीन दिवसांनंतरही ताप असेल तर गोळी चालू ठेवत बसू नका, डॉक्टरांकडे जा.' शेवटचं वाक्य विसरायचं नाही. 'दर सहा तासांनी एक' एवढंच सांगितलं तर मोबाइलला गजर लावून दहा-दहा दिवस पॅरासिटामॉल घेतलं जाऊ शकतं. थांबा असं कुणी म्हटलेलंच नसतं.

मलमाचंही तसंच. 'थोडंसं लावा' याला काही अर्थ नाही. ट्यूबमधून बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो आणि तेवढं प्रौढाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरतं. हे दाखवून सांगता येतं. "पोट साफ होतं का?" यालाही "हो, अंघोळ रोज करतो" असं उत्तर येऊ शकतं. हसू नये. प्रश्नच ढिसाळ होता.

बोलून झालं की ते लिहून द्यायचं. स्ट्रिपवर पेनाने लिहिलेलं १-०-१ गोळ्या काढता काढता फाटून जातं, म्हणून चिठ्ठी वेगळी हवी. रिस्पेरिडोन १ मिलीग्रॅमच्या गोळीसाठी ती अशी दिसेल:

*रोज रात्री ९ वाजता १ गोळी. जेवण झालेलं असो किंवा नसो. अर्धा ग्लास पाण्याबरोबर गिळायची. रोज घ्यायची, बरं वाटलं तरी. ९ ला विसरलात आणि रात्री १२ च्या आत आठवलं तर तेव्हा घ्या. १२ नंतर आठवलं तर ती सोडून द्या. दुसऱ्या दिवशी ९ ला एकच घ्या, दोन नाही. पहिले काही दिवस झोप जास्त येऊ शकते. गोळी बंद करावीशी वाटली तर आधी डॉक्टरांना फोन.*

यातली ९ ही वेळ माणसाला त्याचा दिनक्रम विचारून ठरवायची, १२ ची मर्यादा डॉक्टरांना विचारून. औषध बदललं की मर्यादाही बदलते. चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागतात आणि ती महिन्यातून एकदाच लिहायची आहे. नंतर फोटो काढून ठेवला की पुढच्या वेळी नुसती तारीख बदलायची.

"समजलं ना?" हा प्रश्न बंद करावा. त्याचं उत्तर कायम "हो" असतं, विशेषतः ज्याला लवकरात लवकर या गोंगाटातून बाहेर पडायचं आहे त्याचं. त्याऐवजी विचारावं, "मी नीट सांगितलं का ते बघतो. आज रात्री ही गोळी किती वाजता घ्याल? आणि उद्या विसरलात तर काय कराल?" आणि मग थांबावं. मनात दहा मोजेपर्यंत काहीही बोलू नये. काउंटरवर दहा सेकंद फार लांब वाटतात. फार्मासिस्टला राहवत नाही, तो तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो, आणि समोरच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कुणाला त्या वेळी बोलणंच जमत नसेल तर कागद-पेन पुढे करावं किंवा मोबाइलवर टाइप करू द्यावं. डोळ्यांत पाहत नाही म्हणजे ऐकत नाही, असं नसतं. उलट अनेकांना नजर बाजूला असतानाच नीट ऐकू येतं.

रंग बदलला, औषध थांबलं

आपल्याकडे एकाच औषधाचे डझनावारी ब्रँड आहेत आणि स्टॉकिस्टकडून जो येईल तो शेल्फवर जातो. "कंटेंट सेम आहे" म्हणून पुढे सरकवणं हा बहुतेक दुकानांतला नित्याचा मामला. ज्या माणसाला ठरलेली निळी लंबगोल गोळी माहीत आहे, त्याच्या दृष्टीने पिवळी गोल गोळी म्हणजे वेगळं औषध. काही जण ती घेतच नाहीत. काही जण जुनी घरात उरलेली आणि नवी अशा दोन्ही घेतात, कारण दोन वेगळी नावं म्हणजे दोन वेगळी औषधं असा सरळ अर्थ लावतात. काहींना नव्या गोळीचं आवरण जिभेला खरखरीत लागतं आणि ती गिळलीच जात नाही. फिट्सचं औषध असं दोन-तीन दिवस चुकलं तरी फिट येऊ शकते. क्लोनॅझेपाम रोज घेणाऱ्याचं अचानक बंद झालं तरीही. एसएसआरआय एकदम थांबलं तर चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, चिडचिड, आणि घरात सगळे म्हणतात, ऑटिझम वाढला.

इथे कायदाही स्पष्ट आहे. औषध नियम १९४५ मधल्या नियम ६५ नुसार शेड्यूल एच किंवा एक्स (प्रिस्क्रिप्शनशिवाय न विकायच्या औषधांच्या याद्या) मधलं औषध लिहिलेलं असेल तर त्याच्या जागी दुसरं तयार औषध फार्मासिस्टने आपल्या मनाने द्यायचं नाही, घटक तोच असला तरी. गिऱ्हाइकाला स्वस्त जेनेरिक हवं असेल तर डॉक्टरांनी तसं लिहून द्यावं. जनऔषधी केंद्रातून घेण्यात काहीच गैर नाही. फक्त बदल एकदा, ठरवून, आधी सांगून झाला पाहिजे, दर महिन्याला नव्याने नाही. मनोरुग्णालयाच्या किंवा महापालिकेच्या ओपीडीतून कधी मोफत गोळ्या मिळतात, कधी बाहेरून घ्याव्या लागतात, तेव्हा दोन्ही गोळ्या कागदावर शेजारी चिकटवून 'हे दोन्ही एकच औषध आहे, दोन्हींपैकी एकच घ्या' असं लिहून द्यावं. हे फोनवर सांगून भागत नाही.

त्याहून मोठा धोका मिश्र गोळ्यांचा. आपल्या बाजारात एका गोळीत दोन औषधं हा प्रकार सर्रास आहे. साधं रिस्पेरिडोन आणि नावापुढे 'प्लस' लागलेलं रिस्पेरिडोन हे दोन वेगळे प्रकार आहेत. दुसऱ्यात बहुधा ट्रायहेक्सिफेनिडिल असतं. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, नजर धूसर होते, लघवी अडते, कधी भ्रम होतो. आधीच जो माणूस पाणी प्यायचं विसरतो आणि चार ठरावीक पदार्थच खातो, त्याच्या आतड्यांची यात वाट लागते. एस्सिटालोप्राम आणि क्लोनॅझेपामची जोडगोळी अशीच. एका डॉक्टरांनी ही जोडगोळी आणि दुसऱ्यांनी झोपेसाठी वेगळं क्लोनॅझेपाम लिहिलं, तर क्लोनॅझेपाम दोनदा जातं हे फक्त काउंटरवरच्याच्या लक्षात येऊ शकतं. शेल्फवर असे ब्रँड साध्या ब्रँडच्या शेजारी ठेवू नयेत, मध्ये निदान एक कप्पा सोडावा.

आणि कापलेली स्ट्रिप. पाच गोळ्या हव्यात म्हणून कात्री चालवली की नाव एका तुकड्यावर राहतं, एक्सपायरी दुसऱ्यावर. ज्याला वाचून खात्री करून घ्यायची सवय आहे त्याला तो तुकडा घेणं अशक्य होतं. अशा गिऱ्हाइकाला अख्खी स्ट्रिप द्यावी, किंवा छोट्या पाकिटात घालून नाव, ताकद, बॅच, एक्सपायरी लिहावी.

वरणात कुस्करलेली गोळी

गिळता येत नाही म्हणून गोळी फोडणं, कुटणं, वरणभातात किंवा दह्यात मिसळणं हे घरोघरी चालतं आणि मेडिकलमधून त्याला "हो, चालेल" असं उत्तर मिळतं. आधी नाव पाहावं. शेवटी एसआर, सीआर, एक्सआर, ईआर असं काही असेल तर ती गोळी बारा किंवा चोवीस तासांत थोडी थोडी विरघळायला बनवलेली असते. कुटली की सगळा डोस एकदम रक्तात जातो. व्हॅल्प्रोएटची आवरण असलेली गोळी चावली तर तोंड आणि पोट चरचरतं. ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल कुटलं तर पोटातल्या आम्लात त्याचा निकाल लागतो, उपयोग शून्य. मधोमध रेघ असलेली सीआर गोळी काही कंपन्यांची अर्धी करता येते, पण कुटता नाही. माहितीपत्रक पाहूनच सांगावं.

दुसरी गोष्ट कमी लोकांच्या ध्यानात येते. ज्याचा आहार आधीच पाच-सहा पदार्थांवर आलेला आहे, त्याच्या वरणभाताची चव गोळीने कडू झाली तर तो गोळी नाही, वरणभात सोडतो. कायमचा. शिवाय न सांगता मिसळलेलं कळलं की घरातल्या कुठल्याच अन्नावर विश्वास राहत नाही. प्रौढ माणसाला चोरून औषध देणं हा हक्काचाही प्रश्न आहे. तेव्हा पर्याय विचारावा. रिस्पेरिडोन, व्हॅल्प्रोएट, फ्लुओक्सेटिन अशा अनेक औषधांचं पातळ रूप मिळतं. क्लोनॅझेपाम, ॲरिपिप्राझोल यांच्या तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. डॉक्टरांना फोन करून रूप बदलून घ्यायला पाच मिनिटं लागतात. पातळ औषधाबरोबर पाच मिलीची तोंडाने द्यायची सिरिंज द्यावी आणि किती खुणेपर्यंत ओढायचं तिथे मार्करने रेघ मारून द्यावी. व्हॅल्प्रोएटचा सिरप एका ब्रँडमध्ये पाच मिलीत २०० मिलीग्रॅम आणि दुसऱ्यात वेगळा असू शकतो, म्हणून बाटली बदलली की रेघही पुन्हा तपासायची.

'ऑटिझम वाढलाय' म्हणण्याआधी

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे, आणि प्रशिक्षणात नेमका तोच उरलेल्या दहा मिनिटांत उरकला जातो.

रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवस-आठवड्यांत अकाथिसिया होऊ शकतो. आतून अशी बेचैनी की एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात, माणूस येरझाऱ्या घालतो, झोपत नाही, चिडतो. ऑटिस्टिक माणूस एरवीही हात हलवतो, झुलतो, फेऱ्या मारतो. म्हणून घरच्यांना वाटतं, जुनंच वाढलंय. डॉक्टरांना सांगितलं जातं "चिडचिड वाढली." डोस वाढतो, अकाथिसिया वाढतो, चिडचिड आणखी वाढते. फेरा सुरू. फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: "हे आधीही करायचे त्यासारखं आहे, की नवीन आहे?" झुलल्याने आधी बरं वाटायचं का आणि आता पाय हलवूनही बरं वाटत नाही का, हा दुसरा. नवीन असेल आणि औषध सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर झोपेची गोळी विकायची नाही. डॉक्टरांना फोन करायचा. फोनवर काय बोलायचं याचीही तालीम हवी, नाहीतर "पेशंटला जरा त्रास होतोय" एवढंच सांगितलं जातं. असं सांगावं: "डॉक्टर, रिस्पेरिडोन १ वरून २ मिलीग्रॅम करून १२ दिवस झालेत. पाच दिवसांपासून बसवत नाही, पाय थांबत नाहीत, रात्री तीन तास झोप. हे आधी नव्हतं. अकाथिसिया असू शकेल का?" वीस सेकंद, आणि डॉक्टरांना हवं ते सगळं त्यात आहे.

दुखण्याचंही असंच. दात दुखणं, कान फुटणं, पोटात खडा होणं, मासिक पाळी. हे शब्दांत येत नाही, डोकं आपटण्यातून किंवा जेवण सोडण्यातून येतं. "शांत करणारं काहीतरी द्या" म्हणून कुणी आलं तर आधी शौचाला शेवटचं कधी झालं ते विचारावं. "काही त्रास?" याला "नाही" हेच उत्तर मिळणार, म्हणून प्रश्न मोजता येईल असे हवेत. गेल्या सात दिवसांत शौचाला किती वेळा? पट्ट्याचं कितवं भोक लागतं, तीन महिन्यांपूर्वी कितवं होतं? भरलेला चहाचा कप धरला तर सांडतो का? सकाळी गजर झाल्यावर किती वेळाने उठता? रिस्पेरिडोन किंवा त्याच गटातलं ओलान्झापीन घेणाऱ्यांचं वजन सुरुवातीला, मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला मोजलं जावं, आणि साखर व कोलेस्टेरॉल सुरुवातीला व तीन महिन्यांनी, अशी शिफारस अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ मध्येच केली आहे. दुकानात वजनकाटा असतोच. बिलाच्या मागे आकडा लिहून दिला तरी काम होतं.

काही गोष्टींना फोनसुद्धा पुरत नाही. मान एकीकडे वळून अडकली किंवा डोळे वर चढले, ताप येऊन अंग लाकडासारखं कडक झालं, फिट्सचं लॅमोट्रिजीन सुरू असताना अंगावर पुरळ आणि तोंडात फोड आले, तर सरळ रुग्णालय. वाहन नसेल तर १०८. कमी गंभीर पण औषधाचाच परिणाम वाटणाऱ्या गोष्टी फार्मासिस्ट स्वतः औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाला कळवू शकतो, त्याचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.

इंग्लंडमध्ये २०१५ साली सरकारी आरोग्य संस्थेने अंदाज दिला होता की बौद्धिक अक्षमता असलेल्या ३० ते ३५ हजार प्रौढांना योग्य आजार नसताना मानसोपचाराची औषधं चालू आहेत. त्यानंतर २०१६ मध्ये तिथल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने अशी जादा औषधं थांबवण्यासाठी 'स्टॉम्प' नावाची मोहीम काढली, तिच्यात ऑटिस्टिक माणसंही येतात. मोहिमेचा अर्थ गोळ्या एकदम बंद करा असा नव्हता. प्रत्येक गोळी कशासाठी सुरू केली आणि आजही लागते का, हे ठरलेल्या काळाने तपासा, असा होता. काउंटरवरून एवढं नक्की म्हणता येतं: "हे औषध सहा महिने झाले तसंच चालू आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, अजून लागणार आहे का."

सर्दी-खोकल्याच्या दिवसांत औषधांच्या दोन जोड्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. फिट्सचं कार्बामाझेपिन घेणाऱ्याला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स आली तर कार्बामाझेपिन रक्तात चढतं. दुहेरी दिसतं, तोल जातो. आणि तापाच्या ६५० च्या गोळीबरोबर सर्दीची मिश्र गोळी, जिच्यातही पॅरासिटामॉल असतं. प्रौढाची २४ तासांची कमाल मर्यादा साधारण ४००० मिलीग्रॅम. ६५० च्या सहा गोळ्यांनीच ३९०० होतात.

गिऱ्हाईक कोण?

अठरा पूर्ण झालेला माणूस प्रौढ आहे. आई किंवा भाऊ सोबत आला म्हणून त्याच्या डोक्यावरून "याला झोप येते का?" असं विचारायचं नाही. त्यालाच विचारायचं, 'तुम्ही' म्हणून. तीस वर्षांच्या माणसाला 'बाळा' म्हणणारे प्रेमानेच म्हणतात, तरी नको. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली स्थानिक समितीने पालक नेमलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही बोलणं आधी त्याच्याशीच.

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम अशी शेड्यूल एच-१ मधली औषधं देताना रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं ठेवावं लागतं. एडीएचडीसाठीचं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्स मध्ये येतं. त्याला प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती लागतात, एक दुकानात दोन वर्षं राहते, आणि वेगळा परवाना नसलेल्या दुकानात ते मिळतच नाही. हे कारण न सांगता "नाव काय, कुठे राहता" विचारलं की चौकशी चालू आहे असं वाटतं. "कायद्याने सगळ्यांचंच लिहावं लागतं" हे आधी म्हणावं. आणि औषधाचं नाव मागच्या पोऱ्याला ओरडून सांगू नये. चिठ्ठी हातात द्यावी.

शिकवायचं कसं

दुपारी दोन ते चार या पडत्या वेळेत, दुकानातच, पन्नास-पन्नास मिनिटांच्या तीन बैठका. फार्मासिस्टबरोबर हेल्परही हवा, कारण गिऱ्हाइकाशी पहिलं बोलणं त्याचंच होतं. त्याने औषधाचा सल्ला द्यायचा नाही, पण कुठला प्रश्न फार्मासिस्टकडे पाठवायचा हे त्याला पाठ असावं.

पहिल्या बैठकीत सगळ्यांनी काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकाच्या जागी पाच मिनिटं गप्प उभं राहायचं आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा. ऐकल्यावर साउंडबॉक्सचा आवाज कमी करा हे सांगावं लागत नाही. लुकलुकणारी ट्यूब त्याच दिवशी बदलावी. व्हॉट्सॲपवर प्रिस्क्रिप्शनचा फोटो घेऊन औषधं बांधून ठेवायची आणि दुपारी तीनला न्यायला बोलवायचं, ही सोय बहुतेकांना खास कोपऱ्यापेक्षा जास्त आवडते. मूळ प्रिस्क्रिप्शन मात्र नेताना पाहायचंच.

दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाने शेल्फवरून दहा स्ट्रिपा उचलून चिठ्ठ्या लिहायच्या आणि दुसऱ्याने वकिलाच्या नजरेने त्यात पळवाटा शोधायच्या. या बैठकीला एखाद्या ऑटिस्टिक प्रौढाला मानधन देऊन बोलवावं. वाशीचं महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं केंद्र, खारघरचं एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र अशा ठिकाणी ये-जा करणाऱ्या कुटुंबांतून ओळखी निघतात. त्याने चिठ्ठ्या वाचून फक्त प्रश्न विचारायचे. दोन प्रश्नांतच खोलीतल्यांची वाक्यं सुधारायला लागतात. कर्मचाऱ्यांनी मात्र 'ऑटिस्टिक गिऱ्हाइका'ची नक्कल करून नाटक बसवू नये. त्यातून नकलाच शिकल्या जातात.

तिसरी बैठक प्रश्नांची आणि डॉक्टरांना करायच्या फोनची. तीन महिन्यांनी तपासणी, पण परीक्षा घेऊन नव्हे, बिलं काढून. मानसोपचाराच्या आणि फिट्सच्या शेवटच्या वीस रिफिलांमध्ये ब्रँड किती वेळा बदलला, आधी सांगितलं किती वेळा, चिठ्ठीत घड्याळाची वेळ होती किती वेळा. नवा हेल्पर आला की त्याची दुसरी बैठक आठवड्याच्या आत.

पावसाळ्याची एक वेगळी तयारी लागते. ज्या दिवशी लोकल बंद आणि रस्त्यावर पाणी, त्या दिवशी स्टॉकिस्टची गाडी येत नाही आणि संपलेली गोळी मिळत नाही. म्हणून घरात सात गोळ्या शिल्लक असतानाच पुढची खरेदी व्हावी. "संपत आली की या" हे पुन्हा ढिसाळ वाक्य झालं. २१ जूनच्या रात्रीपासून रोज एक अशा तीस गोळ्या दिल्या असतील, तर चिठ्ठीच्या तळाला मोठ्या अक्षरांत लिहायचं: *१४ जुलैला या. तेव्हा डबीत ७ गोळ्या असतील. कमी किंवा जास्त असल्या तर डबीही घेऊन या.*